हिटलर खरंच 'निवडून' आला होता का?

जुना_टाइपरायटर

'हिटलरसुद्धा लोकांनीच निवडून दिला होता' हे वाक्य आपल्याकडे दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन आदळतं. बोलणारा कुठल्याही बाजूचा असो, वाक्य तेच. माझा आक्षेप असा की ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कोणी बोलतच नाही.

आधी आकडे. मे १९२८च्या निवडणुकीत नात्सी पक्षाला मिळाली २.६ टक्के मतं आणि १२ जागा. बव्हेरियातला एक कर्कश गट, एवढीच त्यांची किंमत होती. हिटलरने म्युनिकमध्ये केलेला १९२३चा बिअर हॉलचा उठाव फसून पाच वर्षं झाली होती. हिटलर तुरुंगात जाऊन, वर्षभरही पुरतं न काढता बाहेर आलेला. मग १९२९मध्ये वॉल स्ट्रीट कोसळलं. अमेरिकन कर्जांवर उभी असलेली जर्मनीची अर्थव्यवस्था बसली, कारण ती कर्जं अल्पमुदतीची होती आणि बँकांनी ती परत मागितली. चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) ब्रुनिंगने पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. संसद ऐकेना तेव्हा घटनेच्या ४८व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार सुरू केला. म्हणजे लोकशाहीला पहिलं भगदाड हिटलरने पाडलेलं नाही, ते आधीच पडलेलं होतं.

सप्टेंबर १९३०मध्ये १२ जागांच्या १०७ झाल्या. जुलै १९३२मध्ये २३०, मतं ३७.३ टक्के. राइशस्टागमधला, म्हणजे जर्मन संसदेतला, सगळ्यात मोठा पक्ष. हिटलरने चॅन्सेलरपद मागितलं आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने ऑगस्टमध्ये त्याला समोर उभं करून चक्क नाही म्हणून सांगितलं. हा म्हातारा फील्डमार्शल त्याला 'बोहेमियन कॉर्पोरल' म्हणून हिणवायचा.

आता इथून पुढचं नीट वाचा. नोव्हेंबर १९३२मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नात्सींची वीस लाख मतं घटली. जागा २३०वरून १९६. पक्षाची तिजोरी रिकामी, वादळी दलाची (पक्षाच्या गणवेशधारी टोळ्यांची) पोरं डबे खुळखुळवत रस्त्यावर वर्गणी मागत फिरत होती. डिसेंबरात ग्रेगोर श्ट्रासर, म्हणजे पक्षाची सगळी संघटना बांधणारा माणूस, राजीनामा देऊन निघून गेला. नव्या वर्षाच्या अंकांत काही जर्मन वर्तमानपत्रांनी धोका टळल्याचं लिहूनही टाकलं. ज्या महिन्यात हिटलर सत्तेवर आला त्या महिन्यात त्याचा पक्ष चढत नव्हता, उतरत होता.

मग आला कसा? चार-पाच माणसांच्या आपापसातल्या उण्यादुण्यांमुळे. फ्रांत्स फॉन पापेनला जनरल श्लायशरने आधी चॅन्सेलर केलं, मग पाडलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसला. पापेनला सूड हवा होता. ४ जानेवारी १९३३ला कोलोनमध्ये श्रोडर नावाच्या बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर गुपचूप भेटले. पुढच्या बैठका बर्लिनच्या डालेम भागात रिबेनट्रॉपच्या (हा पुढे हिटलरचा परराष्ट्रमंत्री) बंगल्यावर. हिंडेनबुर्गच्या मुलाला वळवलं गेलं. श्लायशरला संसदेत आधार नव्हताच, त्याने २८ जानेवारीला राजीनामा दिला.

३० जानेवारीची सकाळ म्हणजे शुद्ध तमाशा आहे. श्लायशर सैन्य घेऊन उठणार अशी अफवा होती, म्हणून जनरल ब्लोमबेर्गला जिनिव्हाहून येणाऱ्या गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरून उचलून नेलं आणि इतरांच्या आधी संरक्षणमंत्रिपदाची शपथ दिली. बाकीची मंडळी राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाच्या खोलीत जमली आणि तिथेच भांडण पेटलं. हिटलरला लगेच नवी निवडणूक हवी होती, राष्ट्रवादी पक्षाचा हुगेनबेर्ग अडून बसला. शपथेची अकराची वेळ टळून गेली. शेवटी सचिव माइसनर हातात घड्याळ घेऊन आला: राष्ट्राध्यक्षांना आणखी ताटकळत ठेवता येणार नाही. हुगेनबेर्ग गप्प झाला, सगळे आत गेले, आणि काही मिनिटांत ॲडॉल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर होता.

त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नात्सी फक्त तीन. बाकी सगळे खानदानी, टेलकोटवाले. पापेन उपचॅन्सेलर. कुणीतरी शंका काढली तेव्हा तो म्हणाला होता की दोन महिन्यांत हिटलरला असं कोपऱ्यात दाबू की तो चिरकेल. पण त्या तिघांतल्या गोरिंगकडे प्रशियाचं गृहखातं होतं, म्हणजे देशाच्या निम्म्याहून जास्त भागातले पोलीस. पापेनने खुर्च्या मोजल्या, दंडुके कोणाकडे गेले ते पाहिलं नाही.

थोडक्यात माझं म्हणणं: लोकांनी त्याला दारापर्यंत आणलं हे खरं. पण कडी आतून काढली गेली, आणि काढणाऱ्यांना वाटत होतं की आपण घरगडी ठेवतोय. मतं मांडा.

---

गवतीचहा

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. शाळेत आम्हाला शिकवलं की व्हर्सायचा तह, त्यातून खंडणी, त्यातून महागाई, गाडाभर नोटा देऊन पाव, आणि म्हणून हिटलर. तुमच्या लेखात महागाई कुठेच नाही?

---

जुना_टाइपरायटर

@गवतीचहा, मुद्दाम नाही घेतली. गाडाभर नोटा १९२३च्या. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, पण त्याच महिन्यात नवं चलन आलं आणि ते आटोक्यातही आलं. त्यानंतर पाच वर्षं बरी गेली, त्या काळात हिटलरला कोणी विचारत नव्हतं. १९३० ते ३२चा रोग उलटा होता: भाव पडत होते, कारखाने बंद, १९३२च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाख. खंडणीचं म्हणाल तर १९३२च्या लोझान परिषदेत ती जवळपास निकालात निघाली होती. हिटलर खुर्चीत बसला तेव्हा व्हर्सायचा पैशाचा जाच संपलेला होता, अपमान शिल्लक होता.

एवढं मात्र खरं की १९२३मध्ये ज्यांची आयुष्यभराची पुंजी गेली त्या मध्यमवर्गाचा सरकारवरचा विश्वास पुन्हा कधी बसला नाही. १९३०मध्ये दुसरा तडाखा बसल्यावर तो वर्ग सैरभैर झाला.

---

आडवा_छेद

लेख उत्तम पण निष्कर्षाशी असहमत.

३७ टक्के कमी वाटतात का हो? आपल्या मतदान पद्धतीत तेवढ्यावर दणदणीत बहुमत मिळतं. त्यांच्याकडे मतांच्या प्रमाणात जागा होत्या म्हणून अडकला. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये जुलै १९३२ला ५१ टक्के मतं आहेत नात्सींना, तीसुद्धा कुठल्याही दंडुक्याशिवाय. शेतकरी, दुकानदार, कारकून, प्रोटेस्टंट खेडी. 'चार-पाच माणसांचं कारस्थान' म्हटलं की सव्वा कोटीच्या वर मतदार हात झटकून मोकळे होतात. युद्धानंतर जर्मनांनी बरीच वर्षं हेच केलं: आम्हाला काय माहीत, वरच्यांनी केलं.

शिवाय त्याने काही लपवलं होतं का? ज्यूंबद्दल, लोकशाहीबद्दल, पूर्वेकडच्या जमिनीबद्दल, सगळं दहा वर्षं ओरडून सांगत होता.

---

जुना_टाइपरायटर

@आडवा_छेद, मतदारांना मोकळं सोडायचं नाहीये. पण मग मार्च १९३३चा आकडाही घ्या. ५ मार्चला पुन्हा मतदान झालं. त्याआधी गोरिंगने वादळी दल वगैरेंतले ५० हजार जण दंडाला पट्टी बांधून सहायक पोलीस करून टाकले होते. २७ फेब्रुवारीला राइशस्टाग जळलं, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला: भाषण, सभा, वर्तमानपत्रं, टपालाची गुप्तता, विनाचौकशी अटकेपासूनचं संरक्षण, सगळं स्थगित. हा वटहुकूम १९४५पर्यंत उठलाच नाही. कम्युनिस्ट उमेदवार तुरुंगात किंवा पळालेले. एवढं करूनसुद्धा ४३.९ टक्के. हुगेनबेर्गच्या पक्षाचे आठ टक्के जोडून बहुमताची रेघ पार झाली.

म्हणजे मोकळ्या किंवा अर्धमोकळ्या कुठल्याच निवडणुकीत नात्सींना देशात ५० टक्के मिळाले नाहीत. जबाबदारी सगळ्यांची, पण सारख्या मापाची नाही.

---

लाल_डबा

आमच्या बाजूचं पाप मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला कष्ट नकोत.

नोव्हेंबर १९३२च्या राइशस्टागमध्ये सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००. बेरीज २२१, नात्सी १९६. ही बेरीज कागदावरच राहिली, कारण मॉस्कोचं धोरण असं होतं की सोशल डेमोक्रॅट हे 'सोशल फॅसिस्ट', खरे शत्रू तेच. त्याच महिन्यात बर्लिनच्या वाहतूक संपात कम्युनिस्ट आणि नात्सी एकाच बाजूला उभे होते! हिटलर आला तर चार महिन्यांत कोसळेल आणि पुढचा नंबर आपला, असा हिशेब. नेता टेलमान मार्च १९३३मध्ये पकडला गेला, तो परत कधी बाहेर आलाच नाही. १९४४मध्ये बुखेनवाल्डला गोळी घातली.

सोशल डेमोक्रॅटही धुतल्या तांदळाचे नव्हते. जुलै १९३२मध्ये पापेनने त्यांचं प्रशियाचं सरकार वटहुकमाने बरखास्त केलं आणि हे कोर्टात गेले. रस्त्यावर कोणी उतरलं नाही.

---

इसारकाठची

म्युनिकमध्ये बरीच वर्षं राहतेय म्हणून एक छोटीशी गोष्ट. ओडिओन चौकात फेल्डहेर्नहाले नावाचं कमानींचं जुनं दालन आहे. १९२३चा उठाव इथेच पोलिसांनी गोळीबार करून मोडला. नात्सी सत्तेवर आल्यावर तिथे मेलेल्या साथीदारांचं स्मारक लावलं आणि एसएसचा (हिटलरच्या खास सशस्त्र दलाचा) पहारा बसवला. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने हात वर करून सलामी द्यायची असा दंडक.

तर लोक काय करायचे, अलीकडेच एका बोळात वळायचे आणि मागून निघायचे. विस्कार्डीगासे तिचं नाव, जेमतेम पन्नास-साठ पावलांची गल्ली. म्युनिककर तिला 'चुकारांची गल्ली' म्हणतात. आज त्या गल्लीच्या फरसबंदीत मधूनच ब्राँझच्या दगडांची एक नागमोडी ओळ बसवलेली आहे. पाटी वगैरे काही नाही. पर्यटक त्यावरून सूटकेस ओढत जातात, ब्राँझ घासून चकचकीत झालंय.

@आडवा_छेद यांच्या मुद्द्याला जोडून: अख्खं शहर भक्त नव्हतं आणि अख्खं शहर विरोधकही नव्हतं. बरेच जण बोळातून जात होते. त्याला शौर्य म्हणायचं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

तळ्यात_मळ्यात

सगळं मान्य. पण काही म्हणा, पाच-सहा वर्षांत साठ लाखांची बेकारी संपवली, रस्ते बांधले, देश उभा केला. युद्ध केलं नसतं तर आज पुतळे असते. माणूस वाईट, पण प्रशासक जबरदस्त.

---

आडवा_छेद

आलं! याचीच वाट बघत होतो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

संपादक मंडळ

आजच्या भारतीय राजकारणाशी तुलना करणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय १९३९पर्यंतच ठेवावा. धाग्याचा आखाडा करू नये.

---

निवृत्त_रोखपाल

@तळ्यात_मळ्यात, आयुष्य बँकेत गेलं, म्हणून या 'जबरदस्त प्रशासना'चा ताळेबंद जरा उघडून दाखवतो. लांबेल, चालवून घ्या.

पहिलं, रस्ते. कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२मध्ये सुरू झाला, उद्घाटन केलं कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी. हिटलर तेव्हा विरोधी पक्षात होता. रोजगाराच्या सरकारी योजनाही पापेन-श्लायशरच्या काळात मंजूर झालेल्या होत्या. फळ पिकत आलं तेव्हा हा झाडाखाली येऊन उभा राहिला.

दुसरं, बेकारीचा आकडा. लग्नासाठी कर्ज मिळे, पण अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. १९३५पासून तरुणांना सक्तीची श्रमसेवा आणि सक्तीची लष्करभरती. ही सगळी माणसं बेकारांच्या यादीतून गेली. बाकीच्यांना काम मिळालं हे खरं, पण कामगार संघटना मे १९३३मध्येच मोडल्या, मजुरी गोठवली. शिवाय 'लोकांची मोटार' म्हणून आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवायची योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. एकालाही गाडी मिळाली नाही, कारखाना युद्धाच्या कामाला लागला.

आता खरा मुद्दा. पैसा कुठून आला? राइशबँकेचा प्रमुख शाख्त, अत्यंत हुशार माणूस. त्याने १९३३मध्ये एक कंपनी काढली, 'मेफो'. नाव धातुसंशोधनाचं, भांडवल फक्त १० लाख मार्क, मागे क्रुप, सीमेन्स वगैरे चार बडी नावं. धातूचं संशोधन तिथे कोणी केलं नाही. क्रुपने तोफ बनवली की सरकारने रोख द्यायची नाही. क्रुपने मेफोवर हुंडी काढायची, मेफोने ती स्वीकारायची, क्रुपने ती बँकेत वटवायची, आणि बँकेला नको असेल तर राइशबँक ती विकत घेणार. सरकारी कर्जाच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही, बाहेरच्या देशांना शस्त्रखर्च कळत नाही. हुंडी तीन महिन्यांची, पण पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवत न्यायची. १९३८पर्यंत अशा १२०० कोटी मार्कांच्या हुंड्या बाजारात होत्या. १० लाखांच्या कंपनीच्या नावावर!

आमच्या शाखेत कोणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी ऑडिट बसलं असतं.

आणि हुंडी कधीतरी देय होतेच. परकीय चलन नव्हतं. लोखंड, तेल, रबर आयात करायचं तर लोणी आणि चरबी आयात करता येत नव्हती. १९३५-३६च्या सुमारास जर्मन गृहिणी लोण्यासाठी रांगेत होत्या. ऑगस्ट १९३६मध्ये हिटलरने एक टिपण लिहिलं, त्याचा शेवट असा: चार वर्षांत सैन्य लढाईला सज्ज आणि अर्थव्यवस्था युद्धाला समर्थ झाली पाहिजे. जानेवारी १९३९मध्ये शाख्त आणि राइशबँकेच्या संचालकांनी लेखी कळवलं की खर्च आवरा, चलन कोसळेल. उत्तर म्हणून शाख्तची हकालपट्टी.

म्हणून 'युद्ध केलं नसतं तर' हा प्रश्नच चुकीचा आहे. ती भरभराट युद्धाची उचल होती. फेड शेजाऱ्यांच्या तिजोरीतून व्हायची होती, आणि झालीही. १९३८मध्ये ऑस्ट्रियाचं सोनं आलं, १९३९मध्ये चेकोस्लोव्हाकियाचं.

---

गवतीचहा

दंडवत घ्या. हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. यावर स्वतंत्र लेख लिहा ना काका.

---

तळ्यात_मळ्यात

मेफोचं माहीत नव्हतं. वाचतो अजून. पण मग प्रश्न असा, हे सगळं इंग्लंड-फ्रान्सला दिसत नव्हतं का?

---

किल्लेदार_नाना

दिसत होतं. सोयीस्कर नव्हतं म्हणून बघत नव्हते.

हिटलरची एक खोड बघा, मोठा डाव शनिवारी टाकायचा. इंग्रज मंत्री शनिवार-रविवारी गावाकडे जातात हे माहीत असल्यासारखा. १६ मार्च १९३५, सक्तीची लष्करभरती: शनिवार. ७ मार्च १९३६, ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य: शनिवार. १२ मार्च १९३८, ऑस्ट्रियात सैन्य: शनिवार.

यातलं ऱ्हाइनलँड सगळ्यात महत्त्वाचं, कारण फ्रान्सच्या सीमेलगतच्या या जर्मन पट्ट्यात सैन्य ठेवायला व्हर्सायच्या तहाने बंदी होती. नदी ओलांडून पश्चिमेला गेल्या फक्त तीन बटालियन, आणि फ्रेंच आले तर माघार घ्या असे हुकूम होते. फ्रेंच सेनापती गामलॅंला वाटलं की समोर प्रचंड फौज आहे आणि पूर्ण सैन्यभरतीशिवाय हलता येणार नाही. फ्रान्समध्ये निवडणुका तोंडावर, फ्रँक घसरत चाललेला, आणि लंडनमध्ये सूर असा की जर्मन आपल्याच परसात गेलेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक, ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ धुतलं. आपण तेवढंच लक्षात ठेवतो.

मग सप्टेंबर १९३८. ६९ वर्षांचा ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन छत्री घेऊन पंधरवड्यात तीनदा जर्मनीला विमानाने गेला. म्युनिकमध्ये चार देशांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेनलँड हा जर्मनभाषक सीमाभाग तोडून दिला. चेक प्रतिनिधींना बैठकीत बसूही दिलं नाही, हॉटेलवर निकाल कळवला. डोंगरातली किल्लेबंदी त्या पट्ट्यातच होती, ती गोळी न झाडता जर्मनांना मिळाली.

सहा महिन्यांनी उरलेला देश. १४ मार्च १९३९च्या रात्री चेक अध्यक्ष हाखा, साठी उलटलेला, हृदयाचा रुग्ण, बर्लिनला आला. हिटलरने त्याला मध्यरात्रीनंतर एक वाजून गेल्यावर आत घेतलं. गोरिंगने सांगितलं, सही करा नाहीतर सकाळी प्राग बॉम्बखाली. हाखाला चक्कर आली, हिटलरच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन शुद्धीवर आणलं, पहाटे चारच्या सुमारास सही झाली. पिल्झनचे स्कोडा कारखाने आयते मिळाले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन रणगाड्यांत चेक बनावटीचे बरेच होते.

जुना_टाइपरायटर यांनी पापेनबद्दल जे लिहिलंय तेच मला इथे दिसतं. पापेनला वाटलं खुर्ची दिली की माणसाळेल. चेंबरलेनला वाटलं सुडेटेनलँड दिलं की माणसाळेल.

---

इसारकाठची

नाना, चेंबरलेनला झोडपणं सोपं आहे हो. १९१४-१८मध्ये फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त आणि ब्रिटिश साम्राज्याचे नऊ लाखांच्या आसपास सैनिक मेले होते, त्यात आपलेही. प्रत्येक फ्रेंच खेड्यात नावं कोरलेला दगड आहे. म्युनिकहून परतल्यावर लंडनमध्ये रस्त्यांवर गर्दी लोटली होती, पॅरिसमध्येही. फ्रेंच पंतप्रधान दलादिएला विमानातून खाली गर्दी दिसली तेव्हा वाटलं, लोक मारायला आलेत. मतदारांना तेच हवं होतं.

आणि पोलंडचं काय? चेकोस्लोव्हाकिया तुटत असताना सीमेवरचा टेशेनचा तुकडा पोलंडनेही उचलला होता. सगळेच आपापलं बघत होते.

---

लाल_डबा

इथे स्टालिनचा विषय निघणार म्हणून मीच काढतो. (परत!)

ऑगस्ट १९३९मध्ये ब्रिटन-फ्रान्सचं लष्करी शिष्टमंडळ मॉस्कोला निघालं, कशाने? तर हळू चालणाऱ्या बोटीने. ५ तारखेला निघाले ते ११ला मॉस्कोत पोहोचले. ब्रिटिश प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्सकडे करार करण्याचा लेखी अधिकारच नव्हता. रशियाचा व्होरोशिलोव्ह विचारत राहिला, आमचं सैन्य पोलंडमधून जाऊ देणार का? पोलंड म्हणे नाही. रिबेनट्रॉप मात्र २३ तारखेला विमानाने आला आणि त्याच रात्री सही करून मोकळा. वर अनाक्रमणाचा करार, आत पोलंड आणि बाल्टिक देश वाटून घेणारा गुप्त मसुदा. तो होता हे सोव्हिएत रशियाने कबूल केलं १९८९मध्ये.

'स्टालिनने वेळ विकत घेतला' हे मी तरुणपणी बऱ्याच जणांना ऐकवलंय. वेळ घेतला हे खरंच, पण किंमत दुसऱ्यांनी मोजली, आणि त्या वेळात हिटलरला रशियाचंच धान्य आणि तेल जात राहिलं.

---

हातकणंगले_एक्सप्रेस

ती किंमत मोजलेली माणसं आमच्या कोल्हापुरात येऊन राहिली होती, म्हणून लिहितो.

१७ सप्टेंबर १९३९ला पूर्वेकडून रशियन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. तिथल्या लाखो लोकांना गाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं. १९४१मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांतल्या काहींची सुटका झाली, ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३पासून १९४८पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत होती. शाळा, चर्च, दुकानं, सगळं होतं. नंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले, ते आजचं गांधीनगर, जिथे आम्ही कापडखरेदीला जातो. महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे. गांधीनगरात साडी घेणाऱ्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना पत्ता नसतो.

---

किल्लेदार_नाना

वा! हे माहीत होतं पण गांधीनगरचा धागा जोडला नव्हता कधी.

युद्धाची सुरुवात राहिली, ती पुरी करतो. हल्ला ठरला होता २६ ऑगस्टला. २५ला ब्रिटन-पोलंड करार झाला आणि मुसोलिनीने कळवलं, माझी तयारी नाही. हिटलरने हल्ला थांबवला. पण याब्लुंकोव्ह खिंडीतल्या एका टोळीला निरोप पोहोचला नाही, त्यांनी रात्रीत रेल्वे स्टेशन काबीज केलं आणि मग माघारी फिरले. जर्मनीने दिलगिरी व्यक्त केली! आठवड्याभराने खरा हल्ला.

त्याआधी ३१ ऑगस्टच्या रात्री ग्लायव्हित्सच्या रेडिओ केंद्रावर पोलिशांनी हल्ला केल्याचं नाटक. नाटक करणारे एसएसचे लोक, आणि पुरावा म्हणून मागे सोडलं फ्रान्सिशेक होनिओक नावाच्या माणसाचं प्रेत. आदल्या दिवशी पकडून आणलेला सिलेशियातला साधा माणूस. या युद्धाचा पहिला बळी म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. १ सप्टेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमारास 'सदिच्छा भेटी'वर डान्झिगला आलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन या जुनाट युद्धनौकेने वेस्टरप्लाट या पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. तिथले दोनशेच्या आसपास पोलिश सैनिक सात दिवस लढले.

---

जुना_टाइपरायटर

नाना, त्यात ३ सप्टेंबरची सकाळ जोडा. ब्रिटनचा निर्वाणीचा खलिता सकाळी नऊला द्यायचा होता. रिबेनट्रॉपला तो स्वतः घ्यायचा नव्हता, म्हणून दुभाषा श्मिटला पाठवलं. श्मिट नेमका उशिरा उठला! टॅक्सी करून धावत बाजूच्या दाराने आत शिरला, तेव्हा ब्रिटिश राजदूत समोरच्या पायऱ्या चढत होता. खलिता घेऊन तो हिटलरकडे गेला आणि भाषांतर वाचून दाखवलं. खोलीत शांतता. मग हिटलर रिबेनट्रॉपकडे वळून म्हणाला, 'आता काय?' कारण ब्रिटन लढणार नाही हे रिबेनट्रॉपनेच वर्षभर पढवलेलं होतं.

त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही लोकनियुक्त माणसाला विचारलं नाही. त्यावरून प्रांतांमधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानेही.

---

गवतीचहा

मग त्या वेळी मुंबईत जे जर्मन होते त्यांचं काय झालं?

---

निवृत्त_रोखपाल

धरून छावण्यांत टाकलं. अहमदनगर, देवळाली, मग डेहराडून. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन आणि कॅमेरामन योझेफ वर्शिंग दोघंही आत गेले. ओस्टेन १९३६पासून नात्सी पक्षाचा सदस्य होता. आणि गंमत बघा, १९३४मध्ये मुंबईत आश्रयाला आलेला चेक ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान याच शहरात होता, आकाशवाणीच्या सिग्नेचर ट्यूनचं श्रेय त्याला देतात.

---

आडवा_छेद

काका, ओस्टेन आणि काउफमानवर वेगळा धागा काढा. इथे अवांतर होऊन संपादक परत येतील.